डब्यांचा रेडिओ आणि एनिग्मा

प्रश्न : आजोबांचा एक काळा लोखंडी रेडिओ माळ्यावरून काढला. कल्याण कॅम्पातल्या लष्कराच्या डिस्पोजलच्या, म्हणजे विकायला काढलेल्या जुन्या मालातून घेतलेला, असं घरात सांगतात. त्यावर ‘नॅशनल’ आणि ‘एचआरओ’ असं लिहिलंय. तबकडीवर स्टेशनांची नावं नाहीत, नुसते आकडे. पुढचा डबा दोन मुठींना धरून ओढला की अख्खा बाहेर येतो. मागच्या वायरला चार पिनांचा प्लग आहे. चुलते म्हणतात, असल्याच रेडिओंनी हिटलरचं एनिग्मा, म्हणजे गुप्त निरोपांचं यंत्र, फोडलं. खरं का? प्लग बदलून चालू करून बघू का? आणि किंमत किती येईल? — स. प., कोपरखैरणे

उत्तर : आधी प्लगचं. बदलू नका! या सेटच्या पोटात पॉवर सप्लाय नाहीच, तो वेगळ्या पेटीत असायचा. चार पिनांतून व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) फिलॅमेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, थोडे व्होल्ट आणि नळीतल्या प्लेटसाठी अडीचशेच्या आसपास डीसी जायचे. घरचे 230 थेट दिलेत तर फिलॅमेंट क्षणात उडतील. सप्लाय बनवून घ्या, पण त्याआधी जुने कागदी कपॅसिटर बदलायला लावा. लॅमिंग्टन रोडला माल मिळतो, व्हॉल्व्हवर हात चालणारा माणूस मात्र शोधावा लागेल.

डबा निघतो ते मोडलंय म्हणून नव्हे. ती कॉइल आहे. बँड (लहरींचा पट्टा) बदलायचा म्हणजे डबा बदलायचा. डब्याच्या दर्शनी बाजूला आलेख चिकटवलेला असेल, तबकडीचा आकडा म्हणजे किती मेगाहर्ट्झ ते त्यावर बघायचं. तबकडी 0 ते 500, पूर्ण 10 फेरे, आणि फिरवताना खिडक्यांतले आकडे आपोआप बदलत जातात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या नॅशनल कंपनीने 1935 मध्ये हा सेट बाजारात आणला. ब्रिटिशांनी तो दुसऱ्या महायुद्धात ढिगाने घेतला आणि जर्मनांनी चक्क नक्कल केली. शत्रूने नक्कल करावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

आता चुलत्यांचं. रेडिओने एनिग्मा फोडलं नाही, तो फक्त ऐकायचा. फोडायचं काम इंग्लंडातल्या ब्लेचली पार्कात, ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्यांच्या ठाण्यात व्हायचं. त्यांना कच्चा माल पुरवणारी ती शत्रूचे रेडिओ निरोप ऐकून टिपणारी ‘वाय’ सर्व्हिस, ब्युमॅनर आणि चिकसँड्ससारख्या ठिकाणांहून. तिथे हेडफोन लावून बसलेल्या मुली टिंब-रेघांच्या खुणांतला मोर्स उतरवायच्या, आणि कागद टेलिप्रिंटरने किंवा मोटरसायकलस्वाराबरोबर पुढे जायचे.

माझी नोकरी नौदलात मोर्स घेण्यात गेली, म्हणून सांगतो. साध्या मजकुरात एक अक्षर निसटलं तरी शब्दावरून भरता येतं. जर्मन लष्कराच्या एनिग्माचा मजकूर म्हणजे पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट. तिथे अंदाजाला जागाच नाही, चुकीचं भरण्यापेक्षा मोकळं सोडलेलं बरं. हात कानाच्या दोन-तीन अक्षरं मागे चालतो, आणि मागे पडलेलं आठवत बसलात की पुढचं गेलं. त्यात जर्मन स्टेशनं कॉलसाइन (स्टेशनच्या ओळखीची अक्षरं) बदलायची, फ्रिक्वेन्सी बदलायची. ऑपरेटरचा हात मात्र बदलत नाही. कुणी डॅश लांबवतो, कुणी दोन गटांत श्वास घेतल्यासारखा थांबतो. त्या मुली कॉलसाइन न बघता ‘हा कालचाच’ म्हणून ओळखायच्या. आकड्यांची तबकडी इथे कामी यायची : आज 237 वर सापडला, तर उद्या आधी तिथेच जाऊन बघा.

आपल्याकडेही हा उद्योग होता. दिल्लीच्या आनंद पर्बतावरचं ‘वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर’ जपानी निरोप पकडायचं. नाव कसं साळसूद आहे बघा! जपानी काना मोर्समध्ये, म्हणजे त्यांच्या लिपीच्या मोर्समध्ये, खुणा आपल्या नेहमीच्या मोर्सपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे ऑपरेटरांना ती वेगळी शिकावी लागे. तुमचा सेट मात्र तिथला, असं कल्याण कॅम्पाच्या आठवणीवरून म्हणता येणार नाही.

किंमत? भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, एवढंच. आणि उरलेले कॉइलचे डबे माळ्यावर नीट शोधा. त्यांच्यावाचून सेट अर्धा.

प्रश्न : माझ्या जुन्या शॉर्टवेव्ह सेटवर नुसती घरघर येते. मोर्स तर ऐकूच येत नाही. सेट बिघडला का? — एक वाचक, माजिवडा

उत्तर : सेट बहुधा ठीक आहे, माजिवड्याची हवा बिघडली आहे. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावा आणि घरातला मेन स्विच पाडा. घरघर थांबली तर दोष तुमच्याच एलईडी दिव्यांचा किंवा चार्जरचा. एकेक चालू करून चोर पकडा. थांबली नाही तर शेजाऱ्यांकडे चहाला जा. एरियलची तार गच्चीवर न्या, लिफ्टच्या मशीनरूमपासून लांब.

मोर्ससाठी सेटवरचा बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) चालू हवा. त्याच्याशिवाय मोर्सची शिट्टी होत नाही, नुसता फसफस आवाज थांबून थांबून येतो. संध्याकाळी 7 मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी असतात, तिथून सुरुवात करा.