नागपुरातून प्रोफेशनल स्ट्रायकर होता येतं का, आणि त्यासाठी वय कमी दाखवावंच लागतं का?

तुमचा मुलगा चौदाचा, फुटबॉलमध्ये स्ट्रायकर खेळतो म्हणजे पुढे राहून गोल मारतो, कुठल्या अकॅडमीत टाकू आणि ट्रायलवाल्यांनी "दाखल्यात एक वर्ष कमी करून आणा" म्हटलं तर काय करायचं असं तुम्ही विचारलंय. अकॅडमीचं खाली कुठेतरी येईल, दाखल्याचं आधी सांगतो, कारण हाच प्रश्न माझ्या टेबलावर आला होता आणि त्यावरून आमच्या घरात अजूनही धुसफूस आहे.

एक दिवससुद्धा कमी करू नका.

मी शाळेत क्लार्क आहे. दाखल-खारीज रजिस्टर, टीसी, बोनाफाईड, सगळं माझ्या हातून जातं. माझा भाचा आमच्याच शाळेत होता. नाव लिहीत नाही कारण तो अजून खेळतो, घरी बंटी म्हणतात तेच लिहितो. जन्म 19 डिसेंबर 2002 चा, नागपूरजवळच्या कामठीचा. कामठीत फुटबॉल काय आहे ते नागपूरवाल्यांना सांगायला नको, तिथे पोट्टे चालायला लागले की बॉललाच लाथ मारतात. 2016 मध्ये बाहेरच्या एका निवासी अकॅडमीच्या ट्रायल झाल्या, दोन दिवस. राहणं, जेवण, शाळा सगळं त्यांचं. दुसऱ्या दिवशीच्या मॅचमध्ये बंटीने तीन गोल मारले. त्यांची अट होती 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतरचा जन्म. पोरगा तेरा दिवसांच्या फरकाने बाहेर. ट्रायल घेणाऱ्यातल्या एकाने भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की पोरगा आम्हाला पाहिजे, कागदाचं तेवढं तुम्ही बघून घ्या.

भाऊजी शनिवारी शाळा सुटल्यावर आले. बंटीला सोबत आणलं होतं, तो बाहेर पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बॉल मारत होता, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने, आणि तो धप धप आवाज ऑफिसात येत होता. मी रजिस्टर काढलं. पान पिवळं पडलेलं, माझ्या आधीच्या क्लार्कचं अक्षर, निळी शाई. जन्मतारखेच्या रकान्यात अंकात 19/12/2002 आणि त्याच्या खाली अक्षरी, एकोणीस डिसेंबर दोन हजार दोन. भाऊजी म्हणाले, "तेरा दिवसाचा तं फरक हाय गजू. लोकं तीन-तीन वर्षं खाऊन राहिले." मी काही बोललो नाही तर म्हणाले, "नऊ महिने पोटात राहिला, अजून तेरा दिवस राहिला असता तं काय झालं असतं?"

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी पेन उचलला होता, हे मी ताईलाही कधी सांगितलं नाही. अंक एक वेळ फिरवता येतात, पण अक्षरी लिहिलेलं फिरत नाही, ते पूर्ण खोडावं लागतं, नाहीतर लाल शाईने दुरुस्ती करून मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागते. आणि नगर परिषदेच्या जन्मदाखल्यावर नोंदणीची तारीख होती 24 डिसेंबर 2002. म्हणजे रजिस्टरमध्ये 1 जानेवारी केलं असतं तर पोरगा नोंदणी झाल्यानंतर आठ दिवसांनी जन्माला आला असता. मग तो दाखलाही नवीन बनवायचा, मग आधार, मग टीसी. एक खोटं झाकायला चार कागद, आणि त्या चारही कागदांवर त्या पोराचं नाव. मी रजिस्टर बंद केलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. भाऊजी उठले, दारात थांबून म्हणाले, "मामानं भाच्याचं करिअर खाल्लं, लक्षात ठेवजो." बाहेर बॉलचा आवाज थांबला होता. पोराने ऐकलं असणार. त्यानंतर जवळजवळ वर्षभर बंटी माझ्या घरी आला नाही, रक्षाबंधनाला ताई एकटीच आली.

आता फुटबॉलचं सांगतो, कारण नुसतं "खोटं करू नका" म्हटलं की लोक म्हणतात हा क्लार्क आहे, याला नोकरीची भीती. होतीच. पण स्ट्रायकरच्या बाबतीत वय चोरणं हे खेळाच्या दृष्टीनेच मूर्खपणाचं आहे.

तेरा-चौदाच्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि पाच-सात किलो वजन. सोळाचा पोरगा चौदाच्यांत टाकला की तो काय करतो, मागून लांब बॉल आला की स्टॉपरला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या डिफेंडरला, खांद्याने बाजूला सारतो, पळतो आणि मारतो. सीझनमध्ये ढीगभर गोल होतात, बाप खूश, कोच खूश, पेपरमध्ये फोटो. पण त्या दोन-तीन वर्षांत तो शिकला काय? पहिला टच कच्चा, कारण गरज पडली नाही. गोलकडे पाठ करून बॉल घेता येत नाही, कारण गरज पडली नाही. मग एकोणीस-वीसला सगळे सारखे होतात, समोरचा स्टॉपर पण ऐंशी किलोचा असतो, आणि याच्याकडे एकच हत्यार असतं ते बोथट झालेलं. डिफेंडर एक वेळ ताकदीवर निभावून नेतो, स्ट्रायकरचं तसं होत नाही. आपल्या सुनील छेत्रीची उंची जेमतेम पाच फूट सात इंच, आणि तो माणूस देशासाठी नव्वदच्या वर गोल करून बसलाय, त्यातले कितीतरी डोक्याने, त्याच्यापेक्षा वीतभर उंच डिफेंडरांच्या मधे. ते ताकदीचं काम नाही, कधी सुटायचं ते कळण्याचं आहे.

बंटी हेच शिकला. अकॅडमी हुकली म्हणून तो कामठीतच राहिला आणि पोरांची टीम धड नव्हती म्हणून मोठ्यांत खेळायला लागला, वीस-बावीसच्या, नोकरीवाल्या माणसांत. पहिले काही महिने त्याला नुसता आडवा करायचे. रात्री ताई नडगीला तेल लावायची आणि मला फोनवर शिव्या द्यायची. तिथे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका यायचे, स्वतः जुने फॉरवर्ड. त्यांनी महिनाभर त्याला एकच गोष्ट करायला लावली. बॉल हाफकडे, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूकडे असताना स्टॉपरच्या बरोबर मागे उभं राहायचं, त्याच्या नजरेत यायचंच नाही, आणि बॉल निघायच्या आधी दोनदा मान फिरवून बघायचं, एकदा किपर कुठे आहे, एकदा मोकळी जागा कुठे आहे. एवढंच. मान फिरवली नाही की काका शिट्टी मारायचे आणि सगळ्यांचा खेळ थांबायचा, बावीस माणसं याच्याकडे बघत उभी. मी रविवारी सकाळी साडेपाचला स्कूटरने जाऊन लांबून बघायचो, तो बोलत नव्हता तरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे आठ वाजता ग्राउंड तव्यासारखं होतं, काळ्या मातीला भेगा, त्यात तो पोरगा एकटा मान फिरवत पळायचा. दीड वर्षाने त्याला कोणी आडवं करू शकत नव्हतं, कारण स्टॉपरने हात घालेपर्यंत तो तिथे नसायचाच.

पुढचं थोडक्यात. 2019 ला परीक्षा देऊन विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेला, तिथल्या लीगमधल्या एका लहान क्लबकडे. एका खोलीत सहा जण. दुसऱ्या सीझनचा जम बसत होता तर मार्च 2020 ला लॉकडाउन. घरी परत. वर्ष सव्वा वर्ष सगळं बंद, वजन वाढलं, आणि त्या काळात तो आपणहून माझ्याकडे यायला लागला, शाळा बंद होती आणि आवारात ती टाकीची भिंत होती. 2022 मध्ये दुसऱ्या एका क्लबने करार दिला, महिना पंधरा हजार, राहणं-जेवण त्यांचं. करारासाठी कागद मागितले, सगळे कागद एका तारखेचे, एका दिवसात काम झालं. त्याच्या खोलीतल्या एका पोराचे आधार आणि जन्मदाखला जुळत नव्हते, तो दीड महिना नुसता प्रॅक्टिस करत बसला.

पहिल्या सहा मॅच बेंचवर. सातव्या मॅचला अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला उतरवलं. आम्ही ताईकडे टीव्हीला मोबाईल जोडून बघत होतो, चित्र अडकत होतं. डावीकडून क्रॉस आला, त्याच्याच टीममधल्या एकाने मारला, किपरच्या हातून सुटला, आणि बंटी कुठून आला ते कॅमेऱ्यालाच दिसलं नाही. स्टॉपरच्या मागून आला. दोन फुटांवरून आत ढकलला. मी ताईला म्हटलं मान बघ, मान बघ, त्याने आधीच बघून ठेवलं होतं. रिप्लेत स्पष्ट दिसली, दोनदा फिरलेली. ताई रडत होती. आणि भाऊजी खुर्चीतून उठले आणि काय म्हणाले? "हेच चार वर्षं आधी झालं असतं."

भाऊजी, झालं नसतं. मी हे समोर सांगितलंय, फोनवर सांगितलंय, आज इथे लिहून ठेवतो. त्या अकॅडमीने तेव्हा घेतलेल्या बॅचमधली बरीच मुलं पहिल्या वर्षी आपापसातच खेळली. त्यातल्या दोघांचा डाव्या मनगटाचा एक्सरे झाला, वय कागदापेक्षा जास्त निघालं, घरी पाठवली. एक्सरे कशाला ते माहीत नसेल तर, मनगटाची वाढीची हाडं वयानुसार जुळत जातात, त्यावरून वयाचा अंदाज काढतात. फिफासुद्धा 2009 पासून अंडर-17 वर्ल्डकपला मनगटाचा एमआरआय करते. तेरा दिवस एक्सरेत दिसत नाहीत हे मलाही कळतं, बंटी तिथे पकडला गेला नसता. पण तो त्याच्या आकाराच्या पोरांत खेळला असता, गोल मारले असते, आणि रेल्वेवाल्या काकांची शिट्टी त्याच्या आयुष्यात आली नसती. तो गोल त्या शिट्टीचा होता.

हेही सांगायला हवं की त्याच बॅचमधला एक जण टिकलाय, वरच्या लेव्हलला खेळतो, चांगला खेळतो, आणि त्याचा दाखला खरा नाही हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे पकडले जातातच असं नाही. भाऊजी त्याचंच उदाहरण देतात. द्या. मी त्या पोराबद्दल वाईट बोलत नाही, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, कागद त्याने केले नव्हते.

आता तुमची अकॅडमी. नावं मी सांगणार नाही, दरवर्षी कोच बदलतात आणि कोचवरच सगळं असतं. जाऊन एक दिवस बसा आणि बघा की चौदाच्या मुलांना किती मॅच मिळतात आणि बेंचवरच्यांना कोण शिकवतं. नागपुरात राहूनही होतं, जिल्हा लीग आहे, कामठीत रब्बानीसारखे जुने क्लब आहेत, सतराव्या वर्षापर्यंत घरचं जेवण खाऊन मोठ्यांत खेळणं हे हॉस्टेलपेक्षा बरं असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रायकरला मात्र एक गोष्ट आधीच समजावून ठेवा. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, 2014 ला सुरू झाली तेव्हा मैदानात सहा परदेशी चालायचे, 2021 पासून ते चारवर आणले, पण पुढच्या जागेवर बहुतेक क्लब परदेशीच घेतात. त्यामुळे तुमच्या मुलाला कधीतरी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळ म्हणतील. बंटीलाही अर्धा सीझन खेळवलं. खेळावं, रुसू नये.

आणि गुडघ्याखाली पुढच्या हाडावर दुखतं म्हणत असेल तर "वाढीचं आहे, पळ" म्हणू नका, खरंच वाढीचं असलं तरी काही आठवडे भार कमी करावा लागतो, हाडाच्या डॉक्टरला दाखवा. आमच्याकडून यात चूक झाली होती.

माझा अनुभव एका पोराचा आहे, तो अजून बावीस-तेवीसचा आहे, पैसे अजून फार नाहीत, उद्या काय होईल माहीत नाही. तुमचा मुलगा जानेवारीत जन्मलेला असेल तर तुम्हाला यातलं निम्मं लागूही होणार नाही.

एक काम मात्र या आठवड्यात करा. शाळेत जाऊन रजिस्टरमधली तारीख आणि जन्मदाखला शेजारी ठेवून बघा, अंकी पण आणि अक्षरी पण, शिवाय आईचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग. खरोखरची चूक असेल तर मुलगा शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या, मूळ जन्मदाखला लावून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्यावर फार जड जातं. क्लार्क टाळाटाळ करत असेल तर अर्जाची पोच मागा, शिक्क्यासकट.