नकारांची वही

"घरातून एकटीच व्यवसाय करते. आता झेपत नाही, पण मदतीला माणूस ठेवायची भीती वाटते." शिवणकाम करणाऱ्या, मसाले विकणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या कितीतरी बायका समुपदेशनाला माझ्यापुढे बसून हे बोलल्या आहेत. पगार परवडेल का, गिऱ्हाइकं घेऊन जाईल का, माझ्यासारखं करेल का, हे प्रश्न ठरलेले. अशा वेळी मला मंदाताई आठवतात. (नाव आणि खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्यांची संमती आहे.)

मंदाताई आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. खरं तर यजमानांनी आणलं. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्या 19 वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवतात, तेही सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे निम्म्या गावाला निम्मं गाव ओळखतं. तुळशीचं लग्न झालं की फोनला उसंत नाही. घरचा आणि केंद्राचा नंबर एकच. "भाकरी तव्यावर असते आणि कुणीतरी विचारतं, काकू, त्या मिरजेच्या स्थळाचं काय झालं? रात्री साडेनऊलासुद्धा," यजमान म्हणाले. मंदाताई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलीची आई असते हो ती. तिला कसं सांगू, उद्या फोन करा?"

दुसऱ्या भेटीत मी घाई केली. "मग ठेवा की कुणीतरी मदतीला," असं सहज बोलून गेले. त्या पुढच्या वेळी आल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा कारण कळलं. माणूस त्यांनी ठेवून पाहिला होता. लांबच्या नात्यातली भाची, कॉलेज संपून घरी बसलेली. पगार ठरवला नव्हता, "घरचीच आहे, देऊ काहीतरी." वेळही ठरली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात तिने एका मुलीचा बायोडाटा आणि फोटो अशा घरी पाठवला, ज्या घराने चार महिन्यांपूर्वी त्याच मुलीला नकार कळवला होता. मुलीचे वडील दारात येऊन बोलून गेले. भाचीचं येणं बंद झालं, आणि मंदाताईंनी गाठ मारली की हे काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही.

"तिला कुठून कळणार होतं की नकार आलाय?" मी विचारलं.

"मला माहीत होतं ना!"

"हो, पण लिहिलं कुठे होतं?"

बराच वेळ त्या पदराचं टोक दुमडत बसल्या. कुठेच लिहिलेलं नव्हतं. नोंदणीचे फॉर्म फायलीत होते, पत्रिका वेगळ्या पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये. पण कुणी कुणाला नाही म्हटलं, का म्हटलं, कुठल्या घरात मंगळ चालतो म्हणतात आणि प्रत्यक्षात चालत नाही, हे सगळं मंदाताईंच्या डोक्यात. भाचीच्या हाती फोन दिला होता, ते डोकं दिलं नव्हतं. लोक "विश्वासू माणूस मिळत नाही" म्हणतात तेव्हा पुष्कळदा अडचण विश्वासाची नसतेच. काम डोक्यातून कागदावर उतरलेलं नसतं, आणि नवा माणूस चुकला की आपण त्याच्या सचोटीवर बोट ठेवतो.

मी त्यांना एकच काम दिलं. आठ दिवस प्रत्येक फोनची एक ओळ वहीत लिहायची: कोण, काय हवं होतं, किती वेळ गेला. वही आली ती पाहण्यासारखी होती. बहुतेक फोन असे: फी किती, फॉर्म कुठे मिळेल, फोटो पोचला का, पत्रिका पाठवाल का, केंद्र रविवारी उघडं असतं का. ज्या बोलण्याला खरोखर मंदाताईच लागतात, म्हणजे अपेक्षा फार असलेल्या आईला जमिनीवर आणणं किंवा तिसऱ्यांदा नकार आलेल्या मुलाशी बोलणं, ते दिवसाला तीन-चारच. आणि नेमके तेच फोन त्या थकलेल्या आवाजात, घाईत उरकत होत्या.

मला वाटलं, हे पाहून त्यांना हलकं वाटेल. त्या रडल्या. "म्हणजे बाकीचं कुणीही करू शकतं? मग मी 19 वर्षं काय केलं?"

इथे आम्ही चार भेटी थांबलो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मुलं मोठी होऊन पुण्याला गेली होती. दिवसभर वाजणारा फोन हीच त्यांची वर्दळ होती, आपण कुणाला तरी लागतो याची खूण होती. पगाराचं गणित मांडून ही भीती जाणारी नव्हती.

नंतरची कामं मात्र भराभर झाली. दुसऱ्या वहीचं नाव त्यांनीच ठेवलं, नकारांची वही. महिनाभर रोज संध्याकाळी आठवतील तसे नकार त्यात उतरवले. केंद्रासाठी वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं आणि प्रत्येक घराला लेबल लावलं: फोटो बाकी, पत्रिका दिली, लग्न ठरलं. फी, वेळ, फॉर्म यांची ठरावीक उत्तरं आधीच साठवून ठेवली. यजमानांना सरकारी कटकटीची धास्ती होती. त्यांच्या सीएने सांगितलं, भविष्य निर्वाह निधीचा कायदा 20 माणसांपासून लागू होतो, आणि बाईचा पगार महिना 25,000 पर्यंत असेल तर महाराष्ट्रात 2023 पासून व्यवसायकर नाही. केंद्राची स्वतःची नोंदणी 1998 च्या विवाह मंडळ कायद्याखाली आधीच झालेली होती.

मग स्वाती आली. शेजारच्या इमारतीतली, बी.कॉम., मुलगा पहिलीत. मुलगा शाळेत असतो ती वेळ, 11 ते 2. रविवारी लोक फॉर्म भरायला येतात म्हणून रविवारी यायचं (तेव्हा मुलगा बाबांकडे) आणि सोमवारी सुट्टी. पगार 6,000, पहिला महिना दोघींनी एकमेकींना पाहायचा. हे एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. फी क्यूआर कोडवर थेट मंदाताईंच्या खात्यात, पिन आणि ओटीपी स्वातीला सांगायचा नाही. फोटो स्वतःच्या मोबाईलवर घ्यायचे नाहीत. नोंदणीच्या फॉर्मवरही एक ओळ वाढली, माहिती कुणाला दाखवावी याच्या संमतीची. मुलींचे फोटो आणि पगार ज्यांच्या हातात असतात त्यांनी 2023 चा माहिती संरक्षण कायदा झाला नसता तरी हे करायला हवं, असं माझं मत.

पगार परवडला का? पहिले दोन महिने पदरचेच गेले. तिसऱ्या महिन्यात स्वातीने फाइल चाळून मुदत संपलेल्या नोंदण्या काढल्या. वर्ष संपलं तरी आठवण करणारं कुणी नसल्याने त्या तशाच पडल्या होत्या. तिने एकेकाला फोन केले. काहींची लग्नं झाली होती, त्यांनी पेढे पाठवायचं कबूल केलं. बाकीच्यांनी नोंदणी पुन्हा केली, त्या फीतून स्वातीचा पगार सुटला. गिऱ्हाईक पळवण्याची भीती अजून पूर्ण गेलेली नाही. मंदाताई मधूनच मोबाईल तपासतात, स्वातीला ते माहीत आहे.

आता त्या स्वतः फोनवर बोलतात संध्याकाळी 5 ते 7. झोप बरी आहे, रोजची नाही. शेवटच्या भेटीत उठता उठता मी माझ्या भाच्याचा विषय काढला, तिशी ओलांडली, काही जमत नाही म्हणून.

"अपेक्षा काय आहेत, ते मी बोलेन," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, फॉर्म स्वातीकडे. 11 ते 2. सोमवारी येऊ नका."