मार्क चांगले आहेत म्हणून मदत नको?

ताई, पत्र मिळालं. मुलगा नववीत, घर नागपुरात मानेवाड्याला, गणितात वर्गात पहिला, मेट्रोची सगळी स्टेशनं क्रमाने तोंडपाठ. पण मधल्या सुट्टीत जिन्यात एकटा बसतो, सरांनी फळ्यावर तारीख चुकवली की सगळ्यांसमोर सांगतो आणि मग डायरीत "उद्धट वागणूक" लिहून येतं, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसच्या आवाजाने कान झाकून हॉलमधून पळाला. नात्यातले एक डॉक्टर म्हणाले अ‍ॅस्पर्गरसारखं वाटतंय (ऑटिझमचाच एक प्रकार, बुद्धी चांगली असते पण लोकांचे न बोललेले इशारे कळायला जड जातं), शाळा म्हणते "इतके मार्क आहेत, याला कसला सपोर्ट", मिस्टर म्हणतात "मी पण असाच होतो, तू काऊन टेन्शन घेऊन राहिली". आणि तुमचा प्रश्न, शाळेत बोलले तर पोरावर शिक्का बसेल का?

ताई, शिक्का बसलेलाच आहे हो. "उद्धट" हा शिक्काच आहे आणि तो चुकीचा आहे. तारीख चुकली म्हणून त्याने सांगितली, त्यात सरांचा अपमान होतो हे त्याच्या लक्षातच येत नसेल. मार्क त्याच्या बुद्धीचे आहेत, पण दिवसभर गोंगाटात बसून कोण चिडवतंय आणि कोण नुसती गंमत करतंय हे ओळखायला त्याला जी मेहनत पडते ती मार्कशीटवर कुठे दिसणार? घरी आला की दार लावून बसतो, कोणाशी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय, मला तर ती थकावट वाटते.

पत्रावरून निदान मी करू शकत नाही, पण शाळेशी बोलायला रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. क्लास टीचरला एकटं भेटा, "माझ्या मुलाला समजून घ्या" असं मोघम बोलू नका, त्यावर सगळे हो म्हणतात आणि काही होत नाही. नेमकं मागा. जागा पुढे आणि पंख्या-दारापासून दूर द्या, गॅदरिंगच्या दिवसांत लायब्ररीत बसू द्या, टाइमटेबल बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, ग्रुप प्रोजेक्टला ग्रुप मॅडमनी पाडून द्यावा (पोरांवर सोडलं की हा उरतोच), चूक दाखवायची असेल तर तास संपल्यावर सांग असं त्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. टोमण्याने नाही कळणार त्याला. शिवाय जिन्यात तो स्वतःहून बसतो की कोणी त्रास देतं म्हणून, हे आधी शोधा, कारण त्रास असेल तर तो थांबवणं शाळेचं काम आहे. मग हेच सगळं प्रिन्सिपलच्या नावाने अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या, तोंडी बोललेलं वर्ग बदलला की विसरलं जातं.

असेसमेंट मात्र आत्ताच सुरू करा. मेडिकलचा, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, मिहानला एम्स आहे. तिथे अ‍ॅस्पर्गर हा शब्द कदाचित मिळणार नाही, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात (डीएसएम) ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात, त्यामुळे ऑटिझम लिहिलेलं बघून घाबरू नका, मुलगा कालचाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आहे आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं त्यात आहे. बोलक्या, हुशार मुलांच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी भरू शकते, पण ती ४० टक्क्यांच्या (कायद्यातल्या बऱ्याच सवलतींची किमान मर्यादा) आत आली म्हणजे सगळं संपलं असं नाही, ज्याला अडचण आहे त्याला सोय नाकारता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमारच्या केसमध्ये सांगितलंय. बोर्डाला जादा वेळ हवा असेल तर दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं आणि त्याला वेळ लागतो, दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव नको.

मिस्टरांशी भांडू नका. "मी पण असाच होतो" हे ते खरंच सांगत असतील, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. त्यांना शांतपणे विचारा, तुमची शाळा कशी गेली होती? कोणी मित्र होता का? त्या उत्तरानंतर ते स्वतःच शाळेत यायला तयार होतील असं मला वाटतं.

आणि पोरगा शाळेत जायचंच नाही म्हणाला, जेवण-झोप बिघडली किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही चालतो.

अर्ज देण्याआधी त्याला वाचायला द्या. चौदा वर्षांचा आहे, त्याच्याबद्दल काय लिहिलं जातंय हे त्याला कळलं पाहिजे, आणि एखादी ओळ खोडायची म्हणाला तर खोडू द्या.