बीळ कुठे, घरटं कुठे?

प्रश्न : बडोद्याबाहेर वाघोडिया रस्त्याकडच्या माळावर पायाजवळून ससा उसळला, पुढे तुरेवाला चंडोल उडाला. बीळ दिसेना, झाडावर घरटंही नाही. कुठे शोधू?

उत्तर : अहो, शोधूच नका! आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात अंग दाबून झालेला खोलगट ठसा, तेच त्याचं घर. चंडोलही जमिनीवरच, ढेकळाच्या आडोशाला गवताची वाटी करतो. खरी गंमत पिल्लांत. सशाची जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. चंडोलाची आंधळी, अंगावर विरळ लव, आईबापांनी भरवलेल्या किड्यांवर वाढणारी. उन्हाळ्यात माळावर कुत्री मोकळी सोडणाऱ्या हौशी मंडळींना हे कितीदा सांगायचं! सशाचं एकटं पिल्लू दिसलं तरी उचलू नका. आई बहुधा अंधार पडल्यावरच पाजायला येते.