वाचकांचे प्रश्न : लघुपटाचे पोस्टर, ट्रेलर आणि प्रेक्षकांचे म्हणणे

प्रश्न : मी चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकते. माझा १४ मिनिटांचा लघुपट पूर्ण झाला आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात राहून गेलेली गिऱ्हाइकांची घड्याळे एक मुलगी एकेकाच्या घरी नेऊन परत करते, अशी त्याची कथा आहे. पोस्टर आणि ट्रेलर प्रेक्षक-संशोधनाच्या आधारे करावेत अशी प्रकल्पाची अट असल्यामुळे मी गूगल फॉर्मवर प्रश्नावली तयार केली आणि मला ४३ उत्तरे मिळाली. बहुतेकांनी थरारपट आवडतात असे लिहिले आणि पोस्टरसाठी गडद निळा रंग निवडला. त्यानुसार मी गडद निळ्या पार्श्वभूमीवर काच तडकलेले घड्याळ आणि पाठमोरी मुलगी असे पोस्टर केले. आमच्या मार्गदर्शकांच्या मते हे पोस्टर दुसऱ्याच चित्रपटाचे वाटते. प्रेक्षकांनी सांगितले तेच मी केले असताना चूक कोठे झाली?

उत्तर : तुमचे कष्ट खरे आहेत आणि ४३ जणांकडून उत्तरे मिळवणे सोपे नसते. मात्र ज्या प्रश्नांची उत्तरे तुम्ही गोळा केली, त्यांचा तुमच्या चित्रपटाशी संबंध नव्हता. ‘कोणता रंग आवडतो’ असे विचारल्यावर माणूस काहीतरी उत्तर देतो, कारण विचारले आहे म्हणून द्यावे लागते. पण पोस्टरसमोर उभा असताना तो आपल्या आवडत्या रंगाचा विचार करीत नसतो. हे कशाविषयी आहे आणि माझ्यासाठी आहे का, एवढेच तो क्षणभरात ताडून पाहतो. त्या क्षणात त्याने काय ताडले, हे शोधून काढणे म्हणजे तुमचे संशोधन.

पोस्टर हे प्रेक्षकाला दिलेले आश्वासन असते, असे मी मानतो. तडकलेली काच, पाठमोरी आकृती आणि गडद निळा अंधार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अपराधकथेचे आश्वासन दिले जाते. त्या अपेक्षेने आलेला प्रेक्षक चौथ्या मिनिटाला अस्वस्थ होईल, आणि ज्याला ही घड्याळांची गोष्ट मनापासून आवडली असती तो पोस्टर पाहून पुढे निघून जाईल. त्यातला दुसरा तोटा अधिक मोठा आहे, कारण तो तुम्हाला कधी कळणारच नाही.

आता नव्याने सुरुवात करताना संशोधन दोन टप्प्यांत करावे. पहिला टप्पा पोस्टरची एकही रेघ ओढण्यापूर्वीचा. ज्यांना चित्रपटाविषयी काही माहिती नाही अशा चार-पाच जणांना पूर्ण लघुपट दाखवा आणि त्या वेळी काहीही विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून एवढेच म्हणा की, ‘काल पाहिलेली गोष्ट माझ्या एका मित्राला सांगायची आहे असे समजून सांगा.’ ते बोलत असताना त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. कोणते दृश्य त्यांनी प्रथम सांगितले, कोणती वस्तू त्यांना आठवली, कोठे त्यांचा आवाज हळू झाला, या नोंदींमधून पोस्टरचे चित्र आणि टॅगलाइनचे, म्हणजे शीर्षकासोबतच्या छोट्या ओळीचे, शब्द दोन्ही मिळतात. तुमच्या कथेचे वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आल्या त्या प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने बांधलेल्या, गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या. तशा चिठ्ठ्या चित्रपटात आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही, पण प्रेक्षकांना नेमके काय आठवते ते या पद्धतीने तुम्हाला कळेल.

दुसरा टप्पा कच्चा आराखडा तयार झाल्यानंतरचा. एका वेळी एकाच व्यक्तीला बसवावे, कारण दोघे असले की दुसरा पहिल्याचेच उत्तर देतो. पोस्टरचा छापील कागद पाच सेकंद समोर धरावा आणि मग पालथा घालावा. त्यानंतर तीनच प्रश्न विचारावेत : काय दिसले, गोष्ट कशाविषयी असावी, आणि हा चित्रपट पाहायला कोण जाईल. ‘आवडले का’ हा प्रश्न विचारू नये. समोर विद्यार्थिनी आशेने बसलेली असताना ‘नाही’ म्हणण्याइतका कठोर माणूस क्वचितच भेटतो. उत्तर येईपर्यंत गप्प बसणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. ‘म्हणजे तुम्हाला असे म्हणायचे आहे का की…’ असे वाक्य तोंडातून निघाले की ती मुलाखत वाया गेली असे समजावे.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. परगावी गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईवरील एका लघुपटाचे पोस्टर करताना मी बंद दार आणि दाराखालच्या फटीतून येणारा प्रकाश असे चित्र काढले होते. मला त्यात प्रतीक्षा दिसत होती. मी ते नऊ जणांना दाखवले, तेव्हा सात जण म्हणाले, ‘भुताचा चित्रपट.’ एका बाईंनी तर दाराआड काय आहे ते मुलांना दाखवू नये, असेही सांगितले. चूक पाहणाऱ्यांची नव्हती. बंद दार आणि खालून येणारा उजेड हे चित्र त्यांनी भयपटांमध्ये इतक्या वेळा पाहिले होते की, त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ ठरून गेला होता. मी रंग बदलले नाहीत, अक्षरेही बदलली नाहीत; फक्त दार वीतभर उघडे केले आणि उंबऱ्याबाहेर पुरुषाच्या चपलांना पुरेल एवढी स्वच्छ पुसलेली जागा ठेवली. नंतर नव्या आठ जणांपैकी सहा जणांनी ‘कोणीतरी घरी येणार आहे’ अशा अर्थाचे काही ना काही सांगितले. हे नवे आठ जण होते, हे महत्त्वाचे आहे. पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाला तेच चित्र दुसऱ्यांदा कोऱ्या नजरेने पाहता येत नाही.

हीच चाचणी पोस्टर फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढे करूनही घ्यावी. विद्यार्थ्यांच्या लघुपटाचे पोस्टर भिंतीवर लागते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा ते छोट्या चौकटीत पाहिले जाते, आणि मोठ्या कागदावर नाजूक व सुंदर दिसणारे शीर्षक त्या आकारात नाहीसे होते.

प्रश्न : आम्ही ट्रेलरच्या दोन आवृत्त्या केल्या. २० जणांना दोन्ही दाखवल्या, तेव्हा १२ जणांनी पहिली आणि ८ जणांनी दुसरी निवडली. म्हणून पहिली आवृत्ती अंतिम केली. अहवालात ‘६० टक्के प्रेक्षकांची पसंती’ असे लिहावे काय?

उत्तर : लिहू नये. नाणे २० वेळा उडवले, तर १२ विरुद्ध ८ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण निम्म्या वेळा निव्वळ योगायोगाने येतो. म्हणजे दोन्ही ट्रेलर अगदी तुल्यबळ असते, तरीही तुम्हाला हाच आकडा मिळण्याची शक्यता पुरेपूर होती. १५ विरुद्ध ५ असा निकाल आला असता, तर गोष्ट वेगळी. तसा किंवा त्याहून एकतर्फी निकाल योगायोगाने १०० पैकी सुमारे ४ वेळाच येतो. शिवाय सर्वांना पहिली आवृत्तीच आधी दाखवली होती काय, हेही तपासा. निम्म्या लोकांना उलट क्रमाने दाखवले नसेल, तर त्या १२ मतांपैकी किती मते ट्रेलरची आणि किती क्रमाची, हे सांगता येणार नाही.

परंतु २० जण कमी होते, असा याचा अर्थ घेऊ नका. लोक कोठे अडखळतात हे शोधायचे असेल, तर थोडी माणसेही पुष्कळ असतात. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात पाच-पाच वापरकर्त्यांच्या छोट्या चाचण्या पुन्हापुन्हा घ्याव्यात, असा आग्रह धरला होता, कारण मोठ्या अडचणी पहिल्या काही माणसांतच उघड होतात आणि नंतरची माणसे बहुतेक तेच सांगू लागतात. ट्रेलरच्या बाबतीतही मला हेच दिसत आले आहे. पाचांपैकी चार जणांना ‘ती दोघे भावंडे आहेत की नवरा-बायको’ हे कळले नाही, तर सहाव्याला विचारत बसण्यापेक्षा संकलनाच्या टेबलाकडे परत जावे.

पसंती मोजण्याऐवजी ट्रेलर क्षणाक्षणाने तपासा, असे मी सुचवीन. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन या संशोधकांनी रेडिओच्या श्रोत्यांसाठी एक यंत्र तयार केले होते. कार्यक्रम ऐकताना आवडले तर हिरवे बटण आणि नावडले तर लाल बटण श्रोत्याने दाबायचे, आणि नेमक्या कोणत्या क्षणी काय दाबले गेले याची नोंद कागदाच्या पट्टीवर होत असे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन या कामात आले, तेव्हा त्यांनी भर दिला तो बटणानंतरच्या संभाषणावर. लाल बटण कोठे दाबले हे यंत्र सांगते, का दाबले ते सांगत नाही, आणि ते त्या क्षणाकडे परत नेऊनच विचारावे लागते. त्यांनी पॅट्रिशिया केंडल यांच्यासह १९४६ मध्ये या मुलाखतपद्धतीवर निबंध लिहिला आणि पुढे गटचर्चेच्या ज्या पद्धती रूढ झाल्या, त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

तुम्हाला यंत्राची गरज नाही. एका माणसाला ट्रेलर दाखवा, आणि ट्रेलरकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. तो खुर्चीत मागे रेलला, फोनकडे पाहिले, कपाळाला आठी घातली, की घड्याळातील सेकंद लिहून ठेवा. नंतर त्या जागी ट्रेलर थांबवून विचारा, ‘इथे मनात काय आले?’ बहुतेक वेळा उत्तर साधे असते : संवाद ऐकू आला नाही, दोन माणसांत गोंधळ झाला, किंवा गोष्ट संपली असे वाटले. ट्रेलर एकदा आवाज बंद करूनही दाखवा. फोनवर चाळता चाळता अनेक जण तो तसाच पाहतात, आणि उपशीर्षकांविना त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

प्रश्न : प्रेक्षकवर्गाच्या वर्णनात ‘१८ ते २५ वयोगट, स्त्री व पुरुष, शहरी’ असे लिहिले आहे. ते पुरेसे आहे ना?

उत्तर : त्यावरून तुम्ही कोणता निर्णय घेतला, ते सांगा. अक्षरांचा आकार, टॅगलाइनचा सूर, ट्रेलरची लांबी यांतले काहीही ‘१८ ते २५’ या आकड्यावरून ठरत नाही. एकाच वयाची दोन माणसे एकमेकांपासून फार दूर असू शकतात, आणि कुटुंबातील आजारपण पाहिलेली २० वर्षांची मुलगी व ५० वर्षांचा गृहस्थ एकाच चित्रपटासाठी शेजारी बसू शकतात. वय लिहायला हरकत नाही, पण त्याबरोबर हा प्रेक्षक याआधी अशा प्रकारचे काय पाहून समाधानी झाला, चित्रपटाची माहिती त्याला कोणाकडून मिळते आणि तो एकटा पाहतो की सोबतीने, हेही लिहा. या तीन उत्तरांवरून पोस्टर कोठे लावायचे, ते तरी ठरते. माणसांची नावे व फोन क्रमांक मात्र अहवालात घालू नका. ‘प्रेक्षक क्रमांक ३’ एवढे पुरते.

प्रश्न : माझ्या लघुपटाचा शेवट अनपेक्षित आहे. चाचणीत बऱ्याच जणांनी सांगितले की, शेवटच्या प्रसंगाची झलक ट्रेलरमध्ये असती, तर चित्रपट पाहण्याची इच्छा अधिक झाली असती. मला ते मान्य नाही. संशोधनाविरुद्ध जाऊन निर्णय घेतला, तर गुण कमी होतील काय?

उत्तर : प्रेक्षकांच्या म्हणण्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे त्यांना काय जाणवले, आणि दुसरा म्हणजे त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय. पहिल्या भागाविषयी ते नेहमी खरे असतात, कारण जाणवले ते त्यांना जाणवले. उपाय मात्र तुमचे काम आहे. ‘शेवट दाखवा’ याचा अर्थ बहुधा असा की, ट्रेलरमध्ये काहीतरी पणाला लागले आहे हे त्यांना कळले नाही. ते शेवट न दाखवताही कळवता येईल : एखादा अनुत्तरित प्रश्न, एखादे न उघडलेले पाकीट, एखाद्या वाक्यावर थांबलेला श्वास. असा बदल करून नव्या माणसांना दाखवा, आणि तीच तक्रार पुन्हा आली तर स्वतःच्या आग्रहाचा फेरविचार करा.

मूकपटांच्या काळात, १९२० च्या दशकात, अमेरिकी विनोदी अभिनेते हॅरॉल्ड लॉइड आपले चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांना दाखवीत आणि जेथे हसू येत नसे, तेथे पुन्हा संकलन वा चित्रीकरण करीत. प्रेक्षक हसला नाही एवढे त्यांनी प्रेक्षकाकडून घेतले. पुढचा विनोद काय असावा, हे त्यांचे त्यांनी ठरवले. १९४० च्या सुमारास जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेने हॉलीवूडसाठी चित्रपटांच्या शीर्षकांच्या आणि कथासारांच्या चाचण्या घेण्यास सुरुवात केली, तेव्हापासून या दोन भागांत गल्लत होण्याची शक्यता वाढली आहे, कारण आकड्यांच्या रूपात आले की सूचनेलाही निष्कर्षाचे वजन येते.

गुणांविषयी विचारता म्हणून सांगतो. अहवालात प्रत्येक निर्णयासाठी तीन ओळी ठेवा : प्रेक्षकाचे नेमके शब्द, तुम्ही त्यावरून काढलेला अर्थ, आणि केलेला बदल. जेथे बदल केला नाही, तेथे तिसऱ्या ओळीत कारण लिहा. जुन्या पोस्टरची प्रत फेकू नका. ती नव्या पोस्टरच्या शेजारी छापा आणि दोन्हींखाली प्रेक्षकांनी त्या त्या वेळी उच्चारलेली वाक्ये द्या. परीक्षकाला तुमचे संशोधन तेथेच वाचता येईल.