फक्त फिटचेच डॉक्टर असतात का?

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. बोलता बोलता ती मध्येच थांबते, एकटक बघते, ओठ हलवते आणि ओढणीचं टोक चाळत बसते. मिनिटभरात भानावर येते, पण मधलं काही आठवत नाही. अंग आखडून मोठी फिट दोनदाच आली. इथल्या डॉक्टरांनी इईजी (मेंदूच्या लहरींची पट्टी) काढला, तो नॉर्मल आला. एक गोळी झाली, दुसरी चालू आहे, तरी महिन्यातून तीन-चार वेळा असं होतंच. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाहेरचं आहे. फक्त फिटचेच डॉक्टर असतात असं ऐकलं. ते कसे शोधायचे?
– एक आई, उदगीर

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही ओढणीच्या टोकाचं लिहिलंत, ते फार बरं केलंत. मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात इईजी तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे जाडजूड फायली घेऊन लोक यायचे. त्या फायलींत सगळे रिपोर्ट असायचे, पण झटका नेमका दिसतो कसा, हे कुठेच लिहिलेलं नसायचं. ‘फिट आली’ एवढंच. भान हरपून ओठ हलवणं, हाताने काहीतरी चाळत राहणं हा मिरगीचा अगदी ओळखीचा प्रकार आहे, आणि बऱ्याचदा तो कानशिलामागच्या मेंदूच्या भागातून निघतो. तुमच्या मुलीचं निदान मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्यांना एवढं तरी सांगा, की हे पुस्तकात छापलेलं लक्षण आहे.

आता नॉर्मल इईजीबद्दल. साधा इईजी अर्धा-पाऊण तास चालतो. तेवढ्या वेळात मेंदूने काही दाखवलं तर कागदावर येतं, नाहीतर नाही. मिरगी असूनही पहिला इईजी साफ येणं यात नवल काहीच नाही. म्हणून जागरण करवून झोपेतला इईजी काढतात, आणि तरी उलगडा झाला नाही तर दाखल करून दिवसरात्र व्हिडिओ इईजी घेतात. कॅमेऱ्यात झटका आणि पट्टीवर मेंदूची लहर, दोन्ही एकाच वेळी टिपतात. (जाल तेव्हा आदल्या दिवशी केस धुऊन न्या आणि तेल लावू नका. गावाकडच्या आया मुलींना चापूनचोपून तेल लावून, घट्ट वेण्या घालून आणायच्या. मग डोक्याला तारा लावायची आमची पेस्ट काही केल्या चिकटायची नाही, आणि आम्ही बेसिनपाशी शाम्पू घेऊन उभ्या.)

तुमचा मुख्य प्रश्न. हो, असे डॉक्टर असतात. आधी एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम न्यूरॉलॉजी (मेंदू आणि नसांच्या आजारांची पदवी), आणि त्यानंतर काहीजण मिरगीतच फेलोशिप, म्हणजे खास प्रशिक्षण, करतात. पण प्रत्येक पेशंटला त्यांच्याकडे जावं लागत नाही. साधारण दोन तृतीयांश लोकांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात, आणि ते काम जिल्ह्याचा न्यूरॉलॉजिस्ट उत्तम करतो. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, न चुकता घेऊनही झटके थांबले नाहीत, तर ती औषधांना दाद न देणारी मिरगी. ही व्याख्या 2010 पासून जगभर वापरतात. तिथे तिसरी-चौथी गोळी बदलत वर्षं घालवू नयेत. तुमचं प्रकरण त्या उंबरठ्यावर दिसतंय, म्हणून आताच्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, ‘दोन्ही गोळ्यांचा डोस पुरेसा झाला होता का? आम्हाला मिरगीच्या केंद्रात पाठवता का?’ चांगला डॉक्टर यावर रागावत नाही, चिठ्ठी देतो.

पाटीवरच्या ‘फिट तज्ज्ञ’ या शब्दांना भुलू नका. ते कुणीही रंगवून घेतं. फोन करून विचारा, की तुमच्याकडे व्हिडिओ इईजीसाठी दाखल करून घेता का, आणि मिरगीची शस्त्रक्रिया होते का. दोन्हीला ‘हो’ आलं तर तिथे न्यूरॉलॉजिस्टबरोबर सर्जन, रेडिओलॉजिस्ट अशी अख्खी टीम असते. शस्त्रक्रिया करायचीच असं मुळीच नाही. पण ती सोय असलेल्या ठिकाणी एमआरआयसुद्धा फिटच्या हिशेबाने काढतात आणि बघतात, आणि साध्या एमआरआयमध्ये सुटलेली बारीक खूण तिथे सापडू शकते. मुंबईत केईएम आहे. उदगीरहून तुम्हाला हैदराबाद जवळ, तिथे निझाम्स इन्स्टिट्यूट आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रिया होतात, तिथे महाराष्ट्रातले पुष्कळ लोक जातात. बंगळुरूचं निम्हान्सही आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात गेलात तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी विचारा, बिल झाल्यावर नको. पुण्याचा संवेदना फाउंडेशन हा मिरगी असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. कोणत्या डॉक्टरकडे वेळ देऊन ऐकून घेतात, हे अशा ठिकाणी खरं कळतं.

माझ्या मते पहिल्या भेटीतच डॉक्टरची पारख होते. तो फाईल बाजूला ठेवून ‘झटक्याआधी पोटात काही उसळल्यासारखं होतं का, वास येतो का, डोकं कुठल्या बाजूला वळतं, नंतर बोलता येतं का’ असं खोदून विचारेल. न विचारताच गोळी लिहिली, तर पदवी कितीही लांब असो, दुसरं दार बघा. तुमची तयारीही हवी. झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. वहीत तारीख, वेळ, झोप, पाळी आणि चुकलेली गोळी लिहा. आजवरच्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट, हवं तर रिकामी पाकिटंच पिशवीत टाका.

आणखी एक. यात कुठे सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर मुलीच्या वयाचा विषय डॉक्टरांकडे काढाच, कारण गरोदरपणात त्याने बाळाला धोका असतो. पण कुठलीच गोळी घरी बंद करायची नाही. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, कांदा-चप्पल काही हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, आणि 5 मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.

व्हिडिओ इईजीला जाताना काहीजण ‘झटका दिसला पाहिजे’ म्हणून घरूनच गोळ्या बंद करून निघतात. तसं करू नका. गोळ्या कमी करायच्या असतील तर त्या दाखल झाल्यावर, तिथल्या देखरेखीखाली डॉक्टर कमी करतात. प्रवासात दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या सोबत असू द्या.