इंग्लंडमध्ये जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवायचा आहे. गॅस सेफ प्लंबर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लीड्समध्ये जुनं टेरेस घर (ओळीतल्या शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेलं) घेतलंय, बैठकीच्या खोलीतल्या बंद फायरप्लेसमध्ये ८ किलोवॅटचा स्टोव्ह बसवायचाय, आणि बॉयलर बघणारा प्लंबर म्हणतो, "मी गॅस सेफ आहे, शनिवारी येऊन बसवून देतो."

गॅस सेफच्या ओळखपत्राच्या जोरावर नाही. गॅस सेफची नोंदणी फक्त गॅसपुरती असते. गॅसच्या कामाला ती कायद्याने सक्तीची आहे. लाकूड-कोळशाच्या स्टोव्हला मात्र असा कुठला परवाना सक्तीचा नाही. सक्ती आहे ती काम नियमाप्रमाणे करण्याची आणि रीतसर कळवण्याची. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, हेटाससारख्या (लाकूड-कोळशाच्या स्टोव्हचं काम करणाऱ्यांच्या) मान्यताप्राप्त योजनेत नोंदणी असलेल्या माणसाकडून काम करून घ्यायचं. तो स्वतःच्या कामाला स्वतःच प्रमाणपत्र देतो आणि ३० दिवसांच्या आत काउन्सिलपर्यंत, म्हणजे स्थानिक पालिकेपर्यंत, नोंद पोचते. दोन, काम सुरू करण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाला, सूचना द्यायची, फी भरायची आणि तपासणी करून घ्यायची. या मार्गाने तुमचा प्लंबर काय, तुम्ही स्वतःसुद्धा स्टोव्ह बसवू शकता. पण धुराड्याची चाचणी आणि सगळे पुरावे मग तुम्हालाच द्यावे लागतात. फी धरली तर फारशी बचत होत नाही.

"आधी बसवून घ्या, ओळखीचा हेटासवाला नंतर सही करेल" असं कोणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. नोंदणीकृत माणसाला दुसऱ्याने केलेल्या कामाचं प्रमाणपत्र देता येत नाही. शिवाय हेटासची नोंदणीही सरसकट नसते. कोरडे स्टोव्ह, पाणी तापवणारे बॉयलर-स्टोव्ह आणि बायोमास बॉयलर यांची प्रशिक्षणं वेगवेगळी आहेत. कोरड्या स्टोव्हची पात्रता असलेल्याने मागे बॉयलर असलेला स्टोव्ह जोडू नये. गॅस बंद केला की आग विझते, लाकडाची विझत नाही. म्हणून तिथे वीज गेली तरी आपोआप फिरणारं पाण्याचं वर्तुळ, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह नसलेला एक रेडिएटर आणि कुठेही अडवलेला नसलेला व्हेंट पाइप लागतो. तेव्हा कार्ड बघताना कोणत्या कामांसाठी नोंदणी आहे तेही बघा.

आता ८ किलोवॅट. माझ्या मते चूक इथेच होतेय. इथला ढोबळ हिशोब असा की खोलीचे घनमीटर भागिले १४ म्हणजे लागणारे किलोवॅट. ४ बाय ४ मीटर खोली आणि २.४ मीटर उंची धरली तर ३८.४ घनमीटर होतात, म्हणजे पावणेतीन किलोवॅट. घर जुनं, भिंती गार म्हणून ४ ते ५ घ्या. ८ चा घेतलात तर अर्ध्या तासात खोली असह्य तापेल, तुम्ही स्टोव्हची हवा बंद कराल, लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहील, काच काळी पडेल आणि धुराड्यात डांबर साचेल. धुराड्याला आग लागते ती त्याच डांबराने.

लहान स्टोव्ह घेतलात की हवेचा प्रश्नही बराचसा सुटतो. जुन्या, फटीफटींतून वारा येणाऱ्या घरात ड्राफ्ट स्टॅबिलायझर (धुराड्याची ओढ आपोआप सावरणारी झडप) नसलेल्या स्टोव्हला पहिल्या ५ किलोवॅटपर्यंत वेगळा झरोका लागत नाही. त्यापुढे दर किलोवॅटला ५५० चौरस मिमी कायम उघडा झरोका लागतो, म्हणजे ८ ला १६५० चौरस मिमी. नव्या हवाबंद घरात हाच हिशोब पहिल्या किलोवॅटपासून सुरू होतो. झरोक्याला बंद करायची झडप चालत नाही. गार वारा येतो म्हणून लोक त्यात नंतर चिंध्या कोंबतात, तो जिवाशी खेळ आहे. भिंत पाडून स्वयंपाकघर आणि बैठक एकत्र केली असेल तर स्टोव्ह बसवणाऱ्याला आधीच सांगा. आपल्या फोडण्यांसाठी लावलेला जोरदार एक्स्ट्रॅक्टर धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढतो.

धुराड्याबद्दल: प्रत्येक स्टोव्हला स्वतःचा स्वतंत्र फ्ल्यू, म्हणजे धूर जायचा मार्ग, हवा. धूर-नियंत्रण क्षेत्रासाठी (जिथे धुराड्यातून धूर सोडायला बंदी आहे अशा भागासाठी) मान्यता असलेल्या २० किलोवॅटपर्यंतच्या बंद स्टोव्हला किमान १२५ मिमी व्यास चालतो, बाकीच्यांना १५० मिमी. उंची स्टोव्हच्या धूर निघणाऱ्या तोंडापासून ४.५ मीटरच्या आसपास मिळाली तर ओढ सहसा पुरते. जुन्या विटांचं धुराडं गळत असेल तर स्टेनलेस लायनर (आतून घालायची पोलादी नळी) घालावा लागतो. फक्त लाकूड जाळणार असाल तर ३१६ ग्रेड चालतो, धूरविरहित कोळसाही जाळणार असाल तर ९०४ घ्या. हा लवचीक लायनर धुराड्याच्या आतच असायला हवा. स्टोव्हपासून धुराड्यापर्यंत मात्र कडक पाइप लागतो. त्या उघड्या पाइपपासून लाकूडकाम पाइपच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर हवं. १५० मिमी पाइप असेल तर ४५० मिमी. देखणी ओक तुळई वर ठेवायची हौस इथेच नडते.

हार्थ, म्हणजे खालचा न जळणारा ओटा, किती जाड हवा हे स्टोव्हच्या माहितीपत्रावर ठरतं. स्टोव्ह खालची जमीन १०० अंशांच्या वर तापवत नसेल तर १२ मिमी पुरतो, नाहीतर १२५ मिमीचा भरीव बांधकामातला लागतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत सक्तीचा आहे. स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटर. छतावर लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिमी, भिंतीवर लावला तर दारं-खिडक्यांच्या वर, पण छतापासून १५० मिमी खाली. काम संपल्यावर तुमच्यासमोर धूर-चाचणी करून घ्या. फ्ल्यूची माहिती असलेली पाटी विजेच्या फ्यूजबॉक्सपाशी किंवा फायरप्लेसजवळ लावलेली आहे ना तेही बघा. प्रमाणपत्र घराच्या कागदांत ठेवा, घर विकताना वकील तेच मागतात. न कळवता केलेलं काम दुरुस्त करायला लावायची मुदत पूर्वी वर्षभराची होती, ऑक्टोबर २०२३ पासून ती १० वर्षं आहे.

सर्व्हिसिंगसाठी कायद्याने पात्रता ठरवलेली नाही, पण नोंदणीकृत स्वीपच (धुराडं झाडणारा) बोलवा आणि दर वेळी त्याचा दाखला घ्या. विम्याच्या दाव्यात तो मागितला जाऊ शकतो. लाकूड जाळणाऱ्यांनी वर्षातून दोनदा, थंडीच्या आधी आणि मोसम सरताना, धुराडं झाडून घ्यावं. त्याच वेळी स्टोव्हच्या आत वर बसवलेली, धूर वळवणारी बॅफल प्लेट काढून तिच्यावरची काजळी साफ करायला सांगा, कारण पुष्कळदा धूर खोलीत येतो तो तिथेच अडून. स्टोव्हच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरीही तपासा. दारात कागद धरून दार बंद करा. कागद सहज ओढून निघाला तर दोरी बदलायला झाली.

इंधनाचं म्हणाल तर २०२१ च्या मेपासून २ घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं लाकूड २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलं असता कामा नये. पिशवीवर 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघा. लीड्समध्ये धूर-नियंत्रण क्षेत्रं आहेत, तेव्हा स्टोव्ह मागवण्याआधी काउन्सिलच्या नकाशावर तुमचा पत्ता तपासा. अशा क्षेत्रात धुराड्यातून धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो.

हे सगळं इंग्लंडचं, बहुतांशी वेल्सलाही लागू. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.